संमतीचा मजकूर

मराठी कथा-कादंबरीत निरोध आला तो विनोदाच्या दाराने. पोरांनी फुगवलेला फुगा, औषधाच्या दुकानासमोर घुटमळणारा नवरदेव, आरोग्य खात्याकडून आलेल्या खोक्यांचे करायचे काय म्हणून चिंतेत पडलेला गावचा कारकून, ही चित्रे ग्रामीण कथेच्या वाचकाला नवी नाहीत. भारत सरकारने १९६८ साली 'निरोध' हे नाव देऊन ही वस्तू किराणा आणि पानपट्टीच्या दुकानापर्यंत नेली. तीन नग १५ पैशांना मिळत. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर रंगला आणि सरकारने दिलेले नावच पुढे मराठीत त्या वस्तूचे सामान्यनाम होऊन बसले. इतका प्रवास करूनही हा शब्द एका अर्थाने आपल्या साहित्यात जवळपास आलाच नाही. दोन माणसांमधले वचन, हा तो अर्थ.

वचन म्हटले की ते मोडण्याचा प्रश्न येतो, आणि या लेखाचा विषय तोच आहे. निरोध वापरायचा असे दोघांत ठरलेले असताना पुरुषाने जोडीदाराला न सांगता तो मध्येच काढून टाकणे, किंवा लावलाच नसताना लावल्याचे भासवणे. इंग्रजीत या कृतीला 'स्टेल्थिंग' हा शब्द गेल्या दहा वर्षांत रूढ झाला. अलेक्झांड्रा ब्रॉडस्की या अमेरिकन विधिज्ञ स्त्रीने २०१७ साली कोलंबिया विद्यापीठाच्या एका नियतकालिकात याविषयी निबंध लिहिला आणि तेथून चर्चा कायदेमंडळांपर्यंत गेली. मराठीत यासाठी शब्द नाही. उर्दूतही मला सापडला नाही. विषय ओंगळ वाटून पान उलटू पाहणाऱ्या वाचकाला एवढीच विनंती, की ज्या गोष्टीला शब्द नाही ती गोष्ट घडत नाही असे आपण धरून चाललो आहोत का, हे पाहावे. हा प्रश्न शेवटी भाषेचाच आहे, म्हणून वाङ्मयीन वार्षिकात त्याला जागा मागायला संकोच वाटत नाही.

आमच्या पिंप्राळ्यात वस्तीवस्तीतून फिरणाऱ्या एका आरोग्यसेविकेशी बोलताना एक वाक्य कानावर आले. बाया तातडीची गोळी मागायला येतात, सोबत कुणी नसते, पदर तोंडावर ओढलेला असतो. काय झाले म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले: "वो नहीं माने." मराठी घरातली बाई येते तेव्हा तीही हेच म्हणते, "ऐकलं नाही त्यांनी." समीक्षकाच्या सवयीने मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचून पाहिले. 'नहीं माने' म्हणजे नेमके काय? आधीच नकार दिला, की हो म्हणून नंतर मोडला? तिच्यादेखत, की तिला कळू न देता? एका वाक्यात चार वेगवेगळे प्रसंग दडलेले आहेत आणि बोलणारीला त्यांतला फरक ठाऊक असतो. ऐकणाऱ्याला तो कळत नाही, कारण भाषेने त्या फरकासाठी वेगळी क्रियापदे दिलेली नाहीत. (जाता जाता एक उपयोगाची गोष्ट: ही गोळी ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी. एचआयव्हीची शंका असेल तर त्यावरची प्रतिबंधक औषधेही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. त्यासाठी सरकारी रुग्णालय गाठावे.)

आता कायद्याकडे एक गद्य मजकूर म्हणून पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने कलम ३७५ आता ६३ झाले, मजकूर बहुतांशी तोच राहिला. कोणत्या सात परिस्थितींत संभोग हा बलात्कार ठरतो याची त्यात यादी आहे. त्यांतली चौथी नोंद वाङ्मयाच्या वाचकाने थांबून वाचावी अशी आहे. आपण तिचा नवरा नाही हे पुरुषाला माहीत आहे, आणि हाच आपला नवरा असे समजून ती संमती देते, अशी ही परिस्थिती. अहल्येच्या कथेतला इंद्र तो हाच. यादीत फसवणुकीची एवढी एकच परिस्थिती स्पष्टपणे नोंदलेली आहे. १८६० साली संहिता लिहिणाऱ्यांची कल्पनाशक्ती वेषांतरापाशी थांबली होती, आणि २०२३ साली ती पुन्हा लिहिणाऱ्यांचीही तेथेच थांबली. माणूस तोच, चेहरा तोच, दिवा चालू, आणि तरीही फसवणूक होऊ शकते, हे या यादीत बसत नाही.

तथापि त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे आणि ते फार मोलाचे आहे. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली. तिने महिनाभरात अहवाल दिला, सुमारे ८०,००० सूचना वाचल्या, आणि २०१३ च्या दुरुस्तीत संमतीची व्याख्या आली. शब्दाने, खुणेने किंवा अन्य रीतीने स्त्रीने दिलेली निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची तयारी म्हणजे संमती. आणि ती तयारी 'विशिष्ट' कृतीसाठी असली पाहिजे. सगळा प्रश्न या 'विशिष्ट' शब्दावर उभा आहे. निरोधासह संबंध आणि निरोधाशिवाय संबंध या दोन विशिष्ट कृती आहेत, की एकाच कृतीच्या दोन तऱ्हा? पहिले उत्तर घेतले तर स्त्रीने एका कृतीला होकार दिला आणि पुरुषाने दुसरीच केली, संमती नव्हतीच. दुसरे घेतले तर संमती होती, फक्त ती फसवून मिळवलेली होती. मग कलम २८ कडे, म्हणजे जुन्या ९० कडे जावे लागते, जेथे वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे असे म्हटले आहे.

हा शब्दच्छल नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कोड्याची आठ वर्षांत दोन वेगळी उत्तरे दिली. २०१४ च्या हचिन्सन खटल्यात पुरुषाने निरोधाला टाचणीने भोके पाडली होती. न्यायालय म्हणाले, कृतीला संमती होती, पण फसवणुकीने ती बाद झाली. २०२२ च्या कर्कपॅट्रिक खटल्यात स्त्रीने निरोधाचा आग्रह धरला होता आणि पुरुषाने तो दुसऱ्या वेळी लावलाच नाही. यावेळी पाच विरुद्ध चार अशा मताने निकाल लागला, की निरोध हा कृतीचाच भाग आहे, म्हणून संमतीच नव्हती. एकाच न्यायालयातील नऊ न्यायाधीशांचे यावर एकमत होत नसेल, तर जळगावच्या पोलीस ठाण्यातल्या ठाणे अंमलदाराने काय ठरवावे? आणि तेथे रात्री अकरा वाजता उभ्या राहिलेल्या मुलीने काय सांगावे?

आपल्या न्यायालयांकडे फसवणुकीचे जे पूर्वनिर्णय आहेत, ते जवळपास सगळे लग्नाच्या वचनाचे आहेत. प्रमोद सूर्यभान पवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन कसोट्या सांगितल्या. वचन देतानाच ते पाळण्याचा इरादा नसला पाहिजे, आणि त्या वचनाचा स्त्रीच्या निर्णयाशी थेट संबंध असला पाहिजे. दुसरी कसोटी निरोधाच्या बाबतीत सहज पूर्ण होते. पहिली मात्र घात करते. पुरुष म्हणेल, आरंभी माझा इरादा चांगलाच होता, मध्येच मन बदलले. लग्नाच्या वचनाला महिने-वर्षे लागतात, म्हणून आरंभीचा इरादा तपासण्यात काही अर्थ आहे. येथे सगळे काही मिनिटांचे, आणि दगा आरंभी नसून मध्यावर आहे. एका प्रसंगासाठी बनवलेले माप दुसऱ्याला लावले की असे होते.

कलम ६९ हे नवे आहे. कपटाने, किंवा पाळायचा इरादा नसताना लग्नाचे वचन देऊन, बलात्कारात न मोडणारा संभोग केल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा. कपट म्हणजे काय याच्या स्पष्टीकरणात तीन गोष्टी नावाने येतात: नोकरी-बढतीचे आमिष, त्याविषयीचे खोटे वचन, आणि ओळख लपवून केलेले लग्न. निरोधाचे नाव नाही. यादी बंदिस्त नाही, त्यामुळे वकील युक्तिवाद करू शकेल, पण युक्तिवाद करता येणे आणि कायद्याने म्हणणे यात अंतर आहे.

'ओळख लपवून' हे शब्द आपल्या वाचकाने कोणत्या कानाने ऐकले असतील ते सांगायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तथाकथित 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा तो कान अधिकच तीक्ष्ण झाला. २०१९ च्या तलाकविषयक कायद्याने नवऱ्याला तीन वर्षे तुरुंगाची तरतूद केली तेव्हाही मोहल्ल्यात पहिली चर्चा बाईला काय मिळाले याची झाली नाही, पुरुषाला कोण पकडेल याचीच झाली. मला ही भीती खोटी वाटत नाही. मात्र तिच्यावरून आपले लोक जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. लैंगिक फसवणुकीचा कायदा नकोच, तो आपल्या पोरांवर उलटेल, असे ते म्हणतात. उलटतो तो मोघम कायदा. 'कपट' हा एक शब्द ठेवून बाकीचे पोलिसांच्या समजुतीवर सोडले, की ती समजूत वस्ती पाहून बदलते. याउलट, ठरलेले संरक्षक साधन जोडीदाराच्या संमतीशिवाय काढणे किंवा न वापरणे, असे नेमके लिहिले तर आरोपीचे आडनाव काय, धर्म कोणता, लग्न कुणाशी होणार होते, यातले काहीच त्या वाक्यात शिरू शकत नाही. स्पष्ट कलम फिर्यादी स्त्रीला जितके हवे, तितकेच ते अल्पसंख्य समाजातल्या आरोपीलाही हवे. या मुद्द्यावर आपल्या समाजातल्या स्त्री-संघटना आणि तरुणांच्या बचावासाठी धावणारे वकील एका बाजूला यायला हरकत नसावी. अद्याप ते आले नाहीत, याचे एक कारण विषयाची लाज, हे उघड आहे.

सिंगापूरचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे, कारण त्यांची दंडसंहिता आपल्याच १८६० च्या संहितेवरून बेतलेली. म्हणजे रोप एकच, दोन वाफ्यांत लावलेले. त्यांनी २०१९ साली सुधारणा केली आणि १ जानेवारी २०२० पासून संरक्षक साधनाच्या वापराविषयी खोटे भासवून संबंध ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्याच दिवसापासून नवऱ्याला मिळणारी बलात्कारातली सूटही तेथे संपली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये दुसरी वाट घेतली: तुरुंग नाही, पण स्त्रीला दिवाणी दावा लावून भरपाई मागता येते. क्रिस्टिना गार्सिया या आमदार बाई २०१७ पासून त्यासाठी झटत होत्या. बर्लिनमध्ये २०१८ साली एका पोलिसालाच अशा कृत्याबद्दल शिक्षा झाली. तपशील वेगळे असले तरी प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधी त्या गोष्टीला नाव दिले, मग कलम आले.

आपल्याकडे सूट शिल्लक आहे. कलम ६३ चा दुसरा अपवाद सांगतो, की १८ वर्षांवरील पत्नीशी नवऱ्याने केलेला संभोग बलात्कार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ११ मे २०२२ रोजी यावर परस्परविरोधी निकाल दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपवादाची बाजू घेणारे प्रतिज्ञापत्र दिले. आरोग्यसेविकेकडे पदर ओढून येणारी बाई बहुधा विवाहित असते, म्हणजे तिच्यासाठी वर केलेली सगळी शब्दचर्चा उंबऱ्याबाहेरच थांबते. तिच्या हातात राहतो तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, ज्यात स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे लैंगिक वर्तन ही हिंसा मानली आहे. आणि गर्भपाताचा कायदा. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात 'विवाहित स्त्री आणि तिचा नवरा' काढून 'स्त्री आणि तिचा जोडीदार' आले. साधन निकामी ठरल्यामुळे दिवस गेले तर २० आठवड्यांपर्यंत ते कारण ग्राह्य धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी तर गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कार मानला. पण भाषा पाहा. 'साधन निकामी झाले' असे वाक्य कायद्याकडे आहे. रबराचा दोष सांगायला शब्द आहे, माणसाचा दोष सांगायला नाही. साधन काढणाराच वाक्यातून गायब होतो.

कर्ता गायब करणे ही सवय आपल्या साहित्यालाही जुनी आहे. अपवाद ज्यांनी केले त्यांत ताराबाई शिंदे पहिल्या. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' छापली ती सुरतेच्या एका तरुण विधवेच्या खटल्याने चिडून. तिचे आजही ताजे वाटणारे म्हणणे हे, की फूस लावणारा, वचन मोडणारा पुरुष असतो आणि बदनाम स्त्री होते. ताराबाईंनी दग्याला दगा म्हटले, दैवाला मध्ये आणले नाही. पाठोपाठ १८८४ साली रखमाबाईंचा खटला उभा राहिला. बालपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने सांगितले, तेव्हा तुरुंग पत्करीन म्हणणारी ही मुलगी पुढे डॉक्टर झाली. तिचा प्रश्न एका ओळीचा होता: माझ्या नावाने दुसऱ्याने दिलेला होकार मला बांधतो का? १८९१ चा संमतिवयाचा कायदा त्याच वादळातून आला, पण त्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले, संमतीचा अर्थ उलगडला नाही. अर्थाची पहिली मोठी लढाई महाराष्ट्रातच, पण पुढे नव्वद वर्षांनी, मथुरा खटल्यात झाली. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचारात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये न्यायालयाला उघडे पत्र लिहिले. मुकाट सोसणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी समजावले. त्यातून १९८३ ची दुरुस्ती आली. कायदा बदलणाऱ्या लेखनाचा हा नमुना कोणत्याही वाङ्मयप्रकारात बसवलेला मला आढळत नाही. तो बसवायला हवा.

या परंपरेत रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्थान वेगळे आहे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक, अश्लीलतेचे खटले, दंड. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि तो खटला होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' (२००१) आणि अजित दळवींचे 'समाजस्वास्थ्य' नाटक (२०१७) यांनी कर्व्यांना पुन्हा लोकांपुढे आणले, हे चांगलेच झाले. माझी एक तक्रार आहे. या कलाकृतींत कर्वे उभे राहतात ते समाजाच्या ढोंगाविरुद्ध झुंजणारा एकांडा पुरुष म्हणून. साधन हाती आल्यावर घरात, बंद दाराआड, ते कोणाच्या हाती राहते हा प्रश्न त्यांच्यात उमटत नाही. कर्व्यांचा मुख्य शत्रू अज्ञान हा होता. ज्ञान आले की स्त्री मोकळी होईल, असा त्यांचा बुद्धिवादी विश्वास. दगा देणारा पुरुष अज्ञानी नसतो. निरोध कशासाठी असतो हे त्याला नीट कळते, म्हणून तर तो चोरून काढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल (२०१९–२१) सांगतो, की देशात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रीनसबंदीवर अवलंबून आहेत, निरोधावर साडेनऊ टक्के, आणि पुरुष नसबंदीवर ०.३ टक्के. शंभर वर्षांत ज्ञान पोहोचले. जबाबदारी मात्र स्त्रीच्याच पोटावर राहिली.

आता थोडे आपल्या अंगणातले. १९९० च्या सोलापूर संमेलनापासून मुस्लिम मराठी साहित्य आपले अनुभव स्वतःच्या शब्दांत मांडू लागले, याचा आनंद आहेच. पण आपल्या कथेतली स्त्री बोलू लागते ती तलाकच्या क्षणी. त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांच्या संसारात ती काय बोलत होती, कशाला हो म्हणत होती, कशाला नाही, याविषयी आपली कथा मूग गिळते. सवत, बुरखा, मेहर, तलाक हे विषय चव्हाट्यावरचे आहेत. त्यांवर बाहेरचे लोकही बोलतात, म्हणून आपणही बोललो, कधी बाजूने, कधी विरोधात. जे बाहेरच्यांनी विचारले नाही ते आपण लिहिले नाही. जळगावात १९८२ साली मुस्लिम स्त्रियांच्या सिनेमा पाहण्यावर बंदी घातली गेली आणि रजिया पटेल त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. एका तरुण मुलीने विचारले होते, माझ्या डोळ्यांनी काय पाहायचे हे कोण ठरवणार. डोळ्यांपासून सुरू झालेला तो प्रश्न देहापर्यंत नेणारी कथा खान्देशात अजून लिहिली जायची आहे. याच जळगावने १९९४ साली लैंगिक शोषणाचे ते प्रकरण पाहिले, आणि नाव उघड होईल या भीतीने स्त्रियांना साक्षीला उभे राहणे किती अवघड जाते हेही पाहिले. त्या भीतीवरही मराठीत बातम्याच जास्त लिहिल्या गेल्या.

कुणी म्हणेल, हे सारे पश्चिमेकडून आलेले. त्यांच्यासाठी फिकहच्या ग्रंथांतला एक जुना वाद समोर ठेवतो. 'अज्ल', म्हणजे गर्भ राहू नये म्हणून पुरुषाने वीर्यपात बाहेर करणे, हे जायज आहे का, यावर उलेमांनी शतकानुशतके चर्चा केली. हनफी, मालिकी आणि हंबली फकीहांचे सर्वसाधारण मत असे, की स्वतंत्र पत्नीच्या बाबतीत तिच्या इजाजतीशिवाय अज्ल करू नये. अपत्यावर आणि सुखावर तिचाही हक्क आहे, हे त्यामागचे कारण. शाफई परंपरेत, इमाम गझालींसकट, अधिक सैल मत आढळते. सुनन इब्ने माजामध्ये या अर्थाची एक रिवायत आहे, तिची सनद मुहद्दिसांनी कमजोर मानली आहे. आणि हेही लपवून चालणार नाही, की याच ग्रंथांत गुलाम स्त्रीच्या इजाजतीची गरज मानलेली नाही. 'स्वतंत्र' हा शब्द तेथे उगाच आलेला नाही. म्हणून या ग्रंथांना आजच्या अर्थाने स्त्रीवादी ठरवण्याची हौस मला नाही. मुद्दा निराळा आहे. निकाह झाला, इजाब-कबूल झाले, वकील आणि दोन साक्षीदार आत जाऊन मुलीचा होकार घेऊन आले, एवढ्याने पुढच्या सगळ्याचा होकार मिळाला असे या फकीहांनी मानले नाही. संबंध कोणत्या रीतीने होणार यासाठी तिला वेगळे विचारायला हवे, असे त्यांतल्या बहुतेकांनी म्हटले. कॅनडाच्या न्यायालयात २०२२ साली पाच विरुद्ध चार मतांनी सुटलेले कोडे ते हेच: रीत हा संमतीचा भाग आहे की नाही?

अज्लमध्ये पुरुष गर्भ टाळतो, येथे तो लादतो. दिशा उलटी आहे, हा आक्षेप मी ऐकला आहे. तत्त्व दिशेवर अवलंबून नाही. मूल न होऊ देण्यासाठी जर तिची इजाजत लागते, तर तिच्या इच्छेविरुद्ध मूल होऊ देण्याचा धोका पत्करताना ती लागणार नाही, असे कोणता फकीह म्हणेल? आणि शब्दच हवा असेल तर तो आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. अमानत आणि खयानत. शेजाऱ्याने ठेवायला दिलेले दागिने विकले तर ती खयानत, हे लहान मूलही सांगेल. पोलीस ठाण्यातही हा जुना शब्दप्रयोग पैशांच्या गुन्ह्यासाठी अगदी अलीकडेपर्यंत ऐकू येई. मराठी कायद्यात त्याला न्यासभंग म्हणतात. मालमत्तेसाठी जी नीती आपण इतकी पक्की जपली, ती देहाच्या दारात आली की सैल का होते, यावर एखाद्या जुम्म्याच्या खुतब्यात कुणी बोलले तर मला ऐकायला आवडेल.

लेखनाने हे कसे करता येते याचा एक अलीकडचा नमुना परदेशी आहे. मायकेला कोएल या कृष्णवर्णीय ब्रिटिश लेखिकेची 'आय मे डिस्ट्रॉय यू' (२०२०) ही मालिका. नायिका लेखिका आहे. सोबतचा पुरुष, तोही लेखक, निरोध काढतो आणि वर म्हणतो, मला वाटले तुला कळले. ती प्रथम रागावते, मग प्रसंग हसण्यावारी नेते, त्याच्याबरोबर हिंडतेही. आपल्यावर गुन्हा झाला आहे हे तिला नंतर, दुसऱ्या कुणाचा अनुभव ऐकताना कळते. आणि मग एका साहित्यिक कार्यक्रमात, भर मंचावर, ती त्याचे नाव घेते. कोएलने ही उशिरा येणारी समज फार प्रामाणिकपणे दाखवली आहे. मंचावरचा प्रसंग मला थोडा नाटकी वाटला, टाळ्यांसाठी लिहिल्यासारखा. पण मधले ते दिवस, जेव्हा झालेल्या गोष्टीला नाव नाही म्हणून ती सहन होऊन जाते, ते कोणत्याही भाषेतल्या बाईचे आहेत.

नवे कलम लिहायचे तर त्यात 'चोरून' हा शब्द घालू नये, असे मला वाटते. इंग्रजी शब्दाचा सगळा भर लपवण्यावर आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा काहीच लपवलेले नसते; तो तिच्यासमोर काढतो, ती नको म्हणते, आणि तो ऐकत नाही. तो आजच्याही व्याख्येने संमतीविना झालेला संबंध आहे. 'चोरून' हा शब्द कलमात बसला तर उद्या वकील विचारील, तुम्हाला दिसत होते ना, मग चोरी कसली? भर असावा तो अट मोडण्यावर. अट कशी सिद्ध होणार, तर जशी आजही सिद्ध होते: आधीचे मेसेज, नंतरचे मेसेज, गोळी कधी घेतली, डॉक्टरकडे कधी गेली. शिक्षा बलात्काराइतकीच असावी की वेगळी पायरी असावी यावर मतभेद राहतील. माझे मत वेगळ्या पायरीच्या बाजूने आहे, कारण शिक्षा जितकी भारी तितकी न्यायाधीशांची लेखणी दोषी ठरवताना अडखळते. त्याच्या जोडीला कॅलिफोर्नियासारखा भरपाईचा दावाही असावा. ज्या बाईला नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नाही पण झाले ते चूक होते असे कागदावर लिहून हवे आहे, तिला तोच मार्ग परवडेल. आणि विवाहितेचा अपवाद या कलमाला लागू नाही, हे त्याच कलमात लिहावे लागेल. ते गृहीत धरून सोडले, तर पहिल्याच खटल्यात जुना अपवाद मागच्या दाराने आत येईल.